जुन्या कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० साठी स्पार्क प्लग: निवड, बदल आणि काढलेल्या प्लगची तपासणी

तुम्ही विचारले आहे ते थोडक्यात असे. १९९८ची कार्ब्युरेटरची मारुती ८००, वडिलांच्या वेळची, कोथरूडमध्ये राहणारी आणि बहुतेक शनिवार-रविवारीच बाहेर पडणारी. सकाळी चोक ओढूनही दोन-तीनदा सेल्फ मारावा लागतो, खंबाटकी चढताना गाडी मिसिंग करते, म्हणजे ठिणगी मधूनमधून चुकून इंजिन अडखळते, आणि तीन प्लगांपैकी तिसऱ्या सिलिंडरचा प्लग दर वेळी काळा निघतो. एका मेकॅनिकने इरिडियम प्लग टाकायला सांगितले आहे, दुकानदाराने ‘हाच चालतो’ म्हणून वेगळ्याच नंबरचे प्लग हातात दिले आहेत, आणि प्लग बदलण्याचे काम घरी करता येईल का, हेही तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

आधी उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो. मॅन्युअलमध्ये दिलेल्या नंबरचेच, साधे निकेलचे, रेझिस्टर असलेले प्लग घ्या. इरिडियमवर आत्ता पैसे घालू नका. दुकानदाराने दिलेले प्लग नंबर ताडून पाहिल्याशिवाय बसवू नका. काम घरी नक्की करता येईल. मात्र नवे प्लग आणण्यापूर्वी जुने तिन्ही काढून, कोणता कोणत्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून, नीट पाहा. कारण तीनपैकी एकच प्लग काळा निघत असेल, तर बिघाड बहुधा प्लगमध्ये नसून त्या सिलिंडरमध्ये किंवा त्याच्या वायरीत असतो, आणि तो तिथेच राहिला तर कितीही महागडा प्लग काही दिवसांत पुन्हा तसाच काळा होईल.

प्लगवर छापलेला नंबर वाचता आला, तर दुकानात कोणी काहीही सांगितले तरी अडत नाही. उदाहरणादाखल एनजीकेचा बीपीआर६ईएस हा सर्वत्र मिळणारा नंबर घेऊ. त्यातील ‘बी’ म्हणजे १४ मि.मी.चे आटे, ‘पी’ म्हणजे चिनी मातीचे टोक धातूच्या कडेपासून थोडे बाहेर आलेले, ‘आर’ म्हणजे आत सुमारे पाच हजार ओहमचा रेझिस्टर, ‘६’ हा त्याचा उष्णतेचा क्रमांक, ‘ई’ म्हणजे आट्यांची लांबी १९ मि.मी.; आणि शेवटचा ‘एस’ म्हणजे तांब्याचा गाभा असलेला साधा मधला इलेक्ट्रोड. याच मापाचा आणि याच उष्णतेचा बॉशचा प्लग डब्ल्यूआर७डीसी या नंबराने येतो, तर चॅम्पियनचा आरएन९वायसी या नंबराने. म्हणजे एकाच प्रकारच्या प्लगवर एक कंपनी सहा लिहिते, दुसरी सात आणि तिसरी नऊ. एवढ्यावर हे थांबत नाही. एनजीके आणि डेन्सो यांच्या क्रमांकात आकडा वाढला की प्लग अधिक ‘थंड’ होतो, तर बॉश आणि चॅम्पियनच्या क्रमांकात आकडा वाढला की तो अधिक ‘गरम’ होतो. पूर्वी मायको या नावाने मिळणारे आणि कंपनीचे नाव २००८ साली बॉश झाल्यापासून त्याच नावाने मिळणारे प्लग वर्षानुवर्षे वापरलेला मेकॅनिक एनजीकेचा प्लग केवळ आकड्यावरून निवडतो तेव्हा नेमका उलटा प्लग बसण्याची शक्यता असते. तुमच्या दुकानदाराने दिलेले प्लग कंपनी बदलून आलेले असतील, तर कंपनीच्या तुलना-तक्त्यात त्यांचा नंबर मॅन्युअलमधील नंबराशी जुळतो का, हे पाहणे हाच एकमेव खात्रीचा मार्ग आहे.

गरम आणि थंड याचा ठिणगीच्या जोराशी काही संबंध नाही. प्लगचे टोक ज्वलनातून उष्णता घेते आणि ती आटे व वॉशर यांच्यामार्गे हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या धातूच्या झाकणाला देते. टोकाची माती लांब असेल तर उष्णता बाहेर जायला वेळ लागतो आणि टोक गरम राहते. माती आखूड असेल तर टोक लवकर निवते. टोकाचे तापमान साधारण ५०० अंश सेल्सिअसच्या वर गेले की त्यावर बसलेला कार्बन जळून जातो आणि प्लग स्वतःच स्वच्छ होतो. पण तेच तापमान साडेआठशे-नऊशेच्या घरात गेले, तर ठिणगी पडण्याआधीच तापलेल्या टोकावर मिश्रण पेट घेऊ लागते आणि पिस्टनला भोक पडण्याइतके नुकसान होऊ शकते. या दोन मर्यादांमध्ये टोक राहावे एवढाच त्या क्रमांकाचा हेतू असतो आणि इंजिन बनवणाऱ्यांनी तो विचारपूर्वक ठरवलेला असतो. गाडी फक्त पेठांमधल्या गर्दीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालत असेल, तर एक पायरी गरम प्लग वापरण्याचा सल्ला जुने मेकॅनिक देतात आणि तो निराधार नाही. पण तुमची गाडी घाटातही जाते. चढावर पूर्ण थ्रॉटलवर असलेल्या इंजिनात गरम प्लग ठेवण्यापेक्षा मूळ क्रमांक ठेवावा, हे माझे ठाम मत आहे.

आट्यांच्या लांबीबाबत मात्र मताला जागा नाही. साडेबारा मि.मी. लांबीचे आणि १९ मि.मी. लांबीचे, दोन्ही प्रकारचे प्लग १४ मि.मी.च्या त्याच भोकात बसतात. लांब प्लगच्या जागी आखूड बसवला तर ठिणगी भोकाच्या खोबणीत पडते, गाडी ओढत नाही, आणि हेडमधील उघड्या राहिलेल्या आट्यांवर कार्बन साचतो. पुढे कधी योग्य लांबीचा प्लग बसवायला गेले की त्या कार्बनमुळे आटे खरवडले जातात. उलट, आखूड प्लगच्या जागी लांब बसवला तर पिस्टन किंवा व्हॉल्व्ह त्याला येऊन धडकू शकतो. म्हणून जुना आणि नवा प्लग शेजारी-शेजारी उभे धरून आट्यांची लांबी, बसायची जागा सपाट वॉशरची आहे की उतरती आहे, आणि षटकोनाचे माप या तिन्ही गोष्टी डोळ्यांनी जुळवा. याला अर्धा मिनिटही लागत नाही, आणि त्याने हेड वाचते.

रेझिस्टरचे प्लग घ्या असे म्हटले, त्याचे कारण रेडिओमध्ये येणारी खरखर एवढेच नाही. ठिणगीतून निघणाऱ्या विद्युत गोंगाटाचा इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मॉड्यूललाही त्रास होऊ शकतो, आणि रेझिस्टरमुळे इलेक्ट्रोडची झीजही थोडी कमी होते. त्याने गाडीची ताकद कमी होते हा समज जुना आहे. गाडी चालवताना जाणवेल असा फरक पडत नाही.

आता इरिडियमविषयी. इरिडियम सुमारे २४५० अंशांना वितळते, निकेल सुमारे १४५५ अंशांना. म्हणून इरिडियमचा मधला इलेक्ट्रोड अगदी बारीक ठेवता येतो आणि तरी तो झिजत नाही. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडी घेते, हे खरे आहे. ज्या गाड्यांमध्ये प्लगपर्यंत पोहोचण्यासाठी इनटेक मॅनिफोल्ड खोलावा लागतो, तिथे लाखभर किलोमीटर टिकणारा प्लग सोन्यासारखा आहे. तुमच्या ८०० मध्ये बॉनेट उघडून काही मिनिटांत तिन्ही प्लग हातात येतात. साधा प्लग वीस-तीस हजार किलोमीटर उत्तम चालतो, आणि शनिवार-रविवारच्या वापरात तेवढे अंतर व्हायला काही वर्षे जातील. शिवाय कार्ब्युरेटरच्या गाडीत चोक, तेल आणि जास्त पेट्रोल यांमुळे प्लग झिजण्याआधी काळा होऊन बाद होण्याची शक्यता अधिक असते, आणि काजळीपुढे महाग धातूचा फारसा उपयोग नसतो. इंजिन पूर्ण दुरुस्त असेल आणि हौस असेल, तर जरूर टाका. रोग शोधण्याआधी टाकू नका. दोन, तीन, चार टोकांच्या अर्थ इलेक्ट्रोडच्या (प्लगच्या धातूच्या अंगाला जोडलेल्या बाहेरच्या इलेक्ट्रोडच्या) प्लगांबद्दलही हेच म्हणेन. ठिणगी एका वेळी एकाच टोकावर पडते.

खरेदी नाना पेठेत करा किंवा घराजवळच्या दुकानात, पण बिल मागून घ्या, कारण चालू नंबरचे नकली प्लग बाजारात येतात. खऱ्या प्लगचे आटे चकचकीत आणि सारख्या खोलीचे असतात, अर्थ इलेक्ट्रोड मधल्या इलेक्ट्रोडच्या बरोबर वर सरळ आलेला असतो, मातीवरची छपाई नखाने खरवडली तरी सुटत नाही, आणि वॉशर आट्यांवरून सहज गळून पडत नाही. बीपीआर६ईएससारखे प्लग मोटारसायकलींमध्येही वापरले जात असल्यामुळे वरची छोटी टोपी काही वेळा पुडीत सुटी येते किंवा प्लगवर सैल फिरवलेली असते. तुमच्या गाडीच्या वायरीला ती टोपी लागते. ती पकडीने हलक्या हाताने घट्ट करा, कारण सैल टोपीत ठिणगी आतल्या आत तुटते आणि कारण न कळणारे मिसिंग सुरू होते.

काढण्याचे काम इंजिन पूर्ण गार असताना करावे. तुमच्या इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे आहे, आणि ते गरम असताना प्लग फिरवला तर मऊ झालेले आटे प्लगबरोबर निघून येतात. आधी प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी लावून १, २, ३ असे लिहा; टायमिंग बेल्टच्या बाजूचा सिलिंडर पहिला. वायर ओढायची नाही. रबरी बूट पकडून थोडा डावी-उजवीकडे फिरवायचा आणि मग सरळ उपसायचा, नाहीतर आतला कार्बनचा गाभा बुटाच्या तोंडाशी तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. बूट निघाल्यावर प्लगच्या भोवतालची धूळ हवेने उडवा, घरी हवा नसेल तर सायकलच्या पंपाने किंवा कोरड्या ब्रशने साफ करा. प्लग निघाल्यावर तिथली वाळू थेट सिलिंडरमध्येच पडते, आणि कोथरूडमध्ये सध्या ज्या प्रमाणात बांधकामाची धूळ उडते, ती पाहता ही पायरी वगळू नका. प्लगची गोटी (सॉकेट) २१ मि.मी.ची आणि आत रबर असलेली घ्या. पाना तिरपा धरू नका. तिरप्या जोराने माती तडकते आणि ती चीर बाहेरून केसासारखी बारीक दिसते किंवा दिसतच नाही. प्लग सुरुवातीलाच जाम वाटला, तर जोर लावत राहू नये. पाव फेरा सोडवावा, मुळाशी गंज सोडवणारे तेल थेंबभर टाकावे, अर्धा तास थांबावे, परत थोडे आवळून मग सोडवावे, आणि असे मागे-पुढे करत तो बाहेर आणावा.

तिन्ही प्लग एका कागदावर क्रमाने ठेवा आणि दिवसाच्या उजेडात पाहा, कारण खरे निदान इथे होते आणि इथेच सगळ्यात जास्त घाई केली जाते. प्रथम, प्लग कोणत्या अवस्थेत काढला आहे हे महत्त्वाचे. चोक देऊन गाडी पार्किंगमध्ये दहा मिनिटे चालू ठेवली आणि मग प्लग काढला, तर तो काळाच दिसणार आणि त्यातून काही कळणार नाही. चांदणी चौकातून पिरंगुटच्या दिशेने चढ-उतारासह वीस-पंचवीस किलोमीटर गाडी नीट चालवा, घरी आल्यावर ती आयडलिंगवर न ठेवता बंद करा, गार होऊ द्या, आणि मग प्लग काढा.

टोकाचा रंग कसा असावा, याबद्दल जुन्या पुस्तकांत आणि जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी ‘बिस्किटाचा तपकिरी’ असे वर्णन असते. हे वर्णन शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातले आहे. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि तेव्हापासून निरोगी प्लगही पूर्वीपेक्षा फिकट, राखाडी ते हलका पिवळसर असा दिसतो. त्यात आता इथेनॉलची भर पडली आहे. २०२२ साली पेट्रोलमधले इथेनॉल दहा टक्क्यांपर्यंत पोहोचले आणि २०२५ पर्यंत पंपांवर वीस टक्क्यांचे पेट्रोल सर्रास मिळू लागले. इथेनॉलच्या रेणूत वजनाने जवळजवळ पस्तीस टक्के ऑक्सिजन असतो. इंजेक्शनच्या नव्या गाडीतला संगणक ते ओळखून पेट्रोलचे प्रमाण वाढवतो, पण तुमच्या कार्ब्युरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारे बारीक भोक, १९९८ साली जेवढा होता तेवढाच आहे, त्यामुळे तीच गाडी आता थोड्या कमी पेट्रोलच्या, पातळ मिश्रणावर चालते. म्हणून पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरचे प्लग फिके दिसले, तर लगेच घाबरून जाऊ नका. माती पांढरीफेक, चकाकणारी आणि त्यावर बारीक फोड किंवा करडे-चंदेरी ठिपके असतील, तर मात्र ते गंभीर आहे. असे ठिपके बहुधा पिस्टनचे अॅल्युमिनियम असते आणि इंजिन नॉकिंगखाली, म्हणजे मिश्रण धक्क्याने पेटत, चालत असल्याची ती खूण असते. तेव्हा टायमिंग, मिश्रण आणि मॅनिफोल्डमधून हवा शिरते आहे का, हे तिन्ही तपासावे लागते, आणि तोपर्यंत घाटात गाडी नेऊ नये.

काळेपणाचेही दोन प्रकार आहेत आणि ते बोटाने ओळखता येतात. कोरडी, मखमलीसारखी, बोटाला लागणारी आणि सहज पुसली जाणारी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त होते आहे किंवा ठिणगी कमजोर आहे. ओलसर, चिकट, चकाकणारा काळा थर म्हणजे तेल. तिन्ही प्लग कोरडे काळे असते, तर मी चोकची केबल आत ढकलल्यावर फडकी पूर्ण उघडते का, एअर फिल्टर तुंबला आहे का, आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या फ्लोटची (पेट्रोलवर तरंगून त्याची पातळी ठरवणाऱ्या भागाची) पातळी वर गेली आहे का, हे पाहायला सांगितले असते. महाबळेश्वरसारख्या सुमारे चौदाशे मीटर उंचीवर जाऊन आल्यावरही कार्ब्युरेटरच्या गाडीचे प्लग थोडे काळे दिसतात, कारण तिथे हवा विरळ असते आणि पेट्रोल तेवढेच येते. पण ही सगळी कारणे तिन्ही सिलिंडरना सारखीच लागू होतात. तुमचा एकच प्लग काळा होतो, म्हणून ही यादी बाजूला ठेवून फक्त तिसऱ्या सिलिंडरकडे पाहायचे.

तो काळा थर कोरडा असेल, तर तिसरा प्लग पहिल्या सिलिंडरमध्ये आणि पहिला तिसऱ्यात घाला आणि शंभरेक किलोमीटर चालवून पुन्हा पाहा. काळेपणा प्लगबरोबर पहिल्या सिलिंडरला गेला, तर प्लग खराब. तिसऱ्यातच राहिला, तर वायर, डिस्ट्रिब्युटरची (ठिणगीची वीज क्रमाने प्रत्येक प्लगला वाटणाऱ्या भागाची) टोपी किंवा तो सिलिंडर. अनेक गॅरेजांत डिस्ट्रिब्युटरला डेल्को म्हणतात. त्याच्या टोपीच्या आतल्या बाजूला तिसऱ्या वायरीच्या पितळी टोकावर हिरवट-पांढरा गंज, किंवा दोन टोकांच्या मध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसते का, ते पाहा. ती रेघ म्हणजे कार्बनची वाट असते आणि ठिणगी प्लगपर्यंत न जाता तिथूनच पळते. टोपी बदलण्यावाचून तिला इलाज नाही, खरवडून उपयोग होत नाही. वायरीचा रोध मल्टीमीटरने मोजा. कार्बन गाभ्याच्या वायरींत तो काही हजार ओहम असतो आणि लांबीप्रमाणे बदलतो. तिन्हींची आपापसात तुलना केली, की एखादी लाखाच्या घरात गेलेली किंवा आकडाच न दाखवणारी वायर लगेच वेगळी दिसते. पावसाळ्यातल्या रात्री अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनाच्या वायरींकडे हात न लावता पाहिले, तर फुटलेल्या वायरीतून निळसर ठिणग्या हेडकडे जाताना दिसतात. एक इशारा: कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधण्यासाठी चालू गाडीची प्लगची वायर नुसती उपटून हवेत धरण्याची जुनी पद्धत इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत वापरू नये. ठिणगीला जायला जागा मिळाली नाही की कॉइल (ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज तयार करणारा भाग) आणि मॉड्यूल जळू शकतात. वायरीत जादा प्लग लावून त्याचे धातूचे अंग इंजिनाला घट्ट टेकवावे आणि मगच इंजिन फिरवावे.

थर ओला आणि तेलकट असेल, तर प्रश्न वेगळा आहे. गाडी रात्रभर उभी राहून सकाळी सुरू करताना सायलेन्सरमधून निळसर धुराचा एकच भपका येतो आणि मग धूर थांबतो, असे असेल तर व्हॉल्व्हच्या दांड्यांवरची रबरी सील कडक झालेली असतात. पंचवीसहून अधिक वर्षांच्या गाडीत हे अगदी स्वाभाविक आहे आणि त्यासाठी इंजिन बोअर करण्याची गरज नसते. धूर गाडी ओढत असताना सतत येत असेल, तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. खात्री करायची तर कॉम्प्रेशन मोजा: तिन्ही प्लग काढून, कॉइलची जोडणी सोडून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजवर घ्या. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक पाहा. एखादा सिलिंडर दहा-पंधरा टक्क्यांहून खाली असेल, तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. दाब चढला तर रिंगा झिजल्या आहेत. चढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही किंवा टॅपेट (व्हॉल्व्हला दाबून उघडणारा भाग) फार आवळलेले आहे. टॅपेटचा गॅप दुरुस्त करून अनेक गाड्या पुन्हा ठणठणीत झालेल्या मी पाहिल्या आहेत, म्हणून हेड उतरवण्याआधी टॅपेट नक्की तपासून घ्या.

प्लग पाहताना आणखी दोन गोष्टी दिसतात आणि त्यांचा उलट अर्थ लावला जातो. मातीचा पांढरा भाग जिथे षटकोनात शिरतो, तिथे तपकिरी कडे दिसले की प्लगमधून गॅस गळतो असे सांगून तो बाद करतात. प्रत्यक्षात तिथल्या तीव्र विद्युतक्षेत्राने ओढलेले तेलाचे सूक्ष्म कण तिथे चिकटलेले असतात आणि प्लग पूर्ण निरोगी असतो. दुसरी गोष्ट खरोखर बिघाडाची आहे पण कोणाच्या लक्षात येत नाही. सर्व प्लगांत वरचा अर्थ इलेक्ट्रोड वाटीसारखा खोलगट झिजला असेल आणि मधला जवळजवळ नवा असेल, तर कॉइलवरच्या दोन बारीक वायरी कधीतरी उलट जोडल्या गेल्या आहेत. मधला इलेक्ट्रोड अधिक तापलेला असतो, त्यामुळे तो ऋण असला की ठिणगी सहज उडते. उलट जोडणीत तिला बरेच जास्त व्होल्टेज लागते आणि ते कमी पडले की चढावर आधी मिसिंग सुरू होते. जुन्या गाडीची कॉइल कधी बदलली असेल, तर हे एकदा पाहून घ्यावे.

चढावरच मिसिंग का होते, हे गॅपशी, म्हणजे प्लगच्या दोन इलेक्ट्रोडमधल्या अंतराशी, जोडलेले आहे. सिलिंडरमधला दाब जितका जास्त, तितकी ठिणगीला उडी घेणे कठीण. सपाट रस्त्यावर अर्ध्या थ्रॉटलवर जो झिजलेला प्लग गपगुमान चालतो, तोच खंबाटकीत पूर्ण थ्रॉटलवर हार मानतो. प्लग झिजला की गॅप वाढतो, आणि तीन हजार आरपीएमला प्रत्येक प्लगवर तासाला नव्वद हजार ठिणग्या पडतात, तेव्हा झीज होणारच. तुमच्या पिढीच्या ८०० साठी गॅप ०.७ ते ०.८ मि.मी. ठेवा. नवा प्लग योग्य गॅपवरच येतो असे गृहीत धरू नका. पेटी पडली असेल तर तो बंदही झालेला असतो. फिलर गेजचे ०.७५चे पान हलका अडथळा देत सरकावे. गॅप बदलताना फक्त बाहेरचा अर्थ इलेक्ट्रोड वाकवायचा, मधल्यावर रेटा द्यायचा नाही, नाहीतर मातीचे टोक तुटते. इरिडियममध्ये तर मधल्या बारीक सुईला गेज टेकवणेही टाळावे.

गाडीला सीएनजीचे किट असेल, तर गॅप ०.७ च्या बाजूला ठेवा. गॅसच्या मिश्रणात ठिणगीला अधिक व्होल्टेज लागते, आणि पेट्रोलवर ठीक चालणारी पण गॅसवर अडखळणारी गाडी बहुतेक वेळा प्लग किंवा वायरीपाशी येऊन थांबते.

जुने प्लग साफ करून परत वापरावेत का? निकेलचा साधा प्लग शंभर-दीडशे रुपयांत मिळत असताना मी वापरणार नाही. तारेच्या ब्रशने घासले की मातीवर धातूच्या बारीक रेघा राहतात आणि त्यातून वीज निसटते. वाळूच्या मशीनने साफ केले की मातीच्या आणि अंगाच्या मधल्या खोल पोकळीत कण अडकतात, आणि ते नंतर सिलिंडरमध्ये गळतात. प्रवासात अडला असाल, तर काडीने काजळी काढून, पेट्रोलने धुऊन, वाळवून घरापर्यंत या, इतपत ठीक आहे.

बसवताना प्लगच्या टोपीवर रबरी नळीचा वीतभर तुकडा घाला आणि त्याने प्लग फिरवा. आटे तिरपे लागले तर नळी घसरते, प्लग पुढे जात नाही, आणि आपल्याला लगेच कळते. पान्याला मात्र ते कळत नाही, तो आटे कापत आत जातो. नळीने वॉशर टेकेपर्यंत प्लग फिरला, की गोटी लावून नवा प्लग आणखी अर्धा फेरा आवळा. टॉर्क पाना असेल तर अॅल्युमिनियम हेडसाठी अडीच ते तीन किलोग्रॅम-मीटर पुरेसे आहे. आधी वापरलेला प्लग परत बसवत असाल, तर त्याचा वॉशर दबलेला असतो, म्हणून टेकल्यावर फेऱ्याच्या बाराव्या हिश्शाइतकेच आवळा. आट्यांना ग्रीस किंवा अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारे मलम) लावू नका: आजच्या प्लगांवर गंज न धरणारा मुलामा असतो, आणि वंगणामुळे त्याच जोराला प्लग कितीतरी जास्त आवळला जातो. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (तारेच्या वेटोळ्याचे नवे आटे) बसवून घेता येते, आणि चांगल्या मशीन शॉपमध्ये ते काम टिकाऊ होते. पण ते हेड उतरवून करून घ्या, म्हणजे धातूचा कीस सिलिंडरमध्ये राहत नाही. बूट बसवताना त्याच्या आतल्या कडेला सिलिकॉनचे डायइलेक्ट्रिक ग्रीस अगदी थोडे लावा. पुण्याच्या पावसात ओलावा आत शिरत नाही आणि पुढच्या वेळी बूट न फाटता निघतो.

सकाळी दोन-तीन सेल्फ लागण्याबद्दल शेवटी लिहितो, कारण त्यात प्लगचा दोष कदाचित थोडाच असेल. आठवडाभर उभ्या गाडीतल्या कार्ब्युरेटरच्या वाटीतले पेट्रोल उडून जाते, उन्हाळ्यात तर अधिकच, आणि तुमच्या गाडीचा यांत्रिक पंप इंजिन फिरल्याशिवाय ती भरत नाही. त्यामुळे पहिले काही सेकंद इंजिन कोरडेच फिरते. चोक ओढा, अॅक्सिलरेटर न हलवता आठ-दहा सेकंद सेल्फ द्या, अर्धा मिनिट थांबा, आणि दुसऱ्यांदा द्या. पुन्हापुन्हा पेडल मारले की वाटी भरताच जास्तीचे पेट्रोल आत जाते आणि नवे प्लगही ओले होतात. सुरू झाल्यावर इंजिन स्थिरावले की चोक लवकर आत ढकला, आणि गाडी जागेवर गरम करत न बसता हळू चालवायला लागा. डहाणूकर कॉलनीतून कर्वे पुतळ्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचे प्लग ५०० अंशांपर्यंत पोहोचतच नाहीत. आठवड्यातून एकदा तरी ती अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चालली पाहिजे.

नवे प्लग बसवल्यावर किलोमीटर लिहून ठेवा आणि तीन-चारशे किलोमीटरनंतर फक्त तिसरा प्लग पुन्हा काढा. तो इतर दोघांसारखा दिसला, तर काम झाले. पुढची तपासणी दहा हजारांवर. कोरडा काळा निघाला, तर नवा वायर सेट आणि डिस्ट्रिब्युटरची टोपी घ्या. ओला निघाला, तर कॉम्प्रेशनचे तिन्ही आकडे आणि सकाळच्या धुराचे वर्णन कळवा. व्हॉल्व्ह सीलवर भागेल की रिंगांपर्यंत जावे लागेल, हे त्यावरून सांगता येईल.